अनिल कपूर असलेले ‘२४’चे आठवे पर्व पाहायचे आहे, आधीची सातही पर्वे पाहणे आवश्यक आहे का?

सातही पाहण्याची आवश्यकता नाही, परंतु सातवे पर्व वगळून थेट आठव्याकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे द्यायची तर दोन्ही पर्वांतील मोठी वळणे उघड करावी लागतील. ज्यांना ती आधी कळायला नको आहेत, त्यांनी एवढे उत्तर पुरेसे मानावे.

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेची रचना तुम्हाला ठाऊक असेलच. एक पर्व म्हणजे एक दिवस, एक भाग म्हणजे त्या दिवसाचा एक तास, आणि पडद्यावरचे घड्याळ सतत पुढे सरकत असते. दरवेळी संकट नवे, शहर किंवा निदान कटकारस्थान नवे, त्यामुळे कोणतेही पर्व कोठूनही उचलून पाहता येते असा समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. जानेवारी ते मे २०१० या काळात प्रसारित झालेले आठवे पर्वही पहिले पंधरा-सोळा तास असेच स्वतंत्रपणे पाहता येते. त्यानंतर मात्र ते पूर्णपणे सातव्या पर्वाच्या आधारावर उभे राहते.

आधी तुम्ही ज्यांच्यासाठी हे पर्व पाहणार आहात त्यांच्याविषयी सांगतो. अनिल कपूर यांनी साकारलेले ओमर हसन हे कामिस्तान या काल्पनिक देशाचे अध्यक्ष आहेत. अण्वस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम सोडून देण्याच्या करारासाठी ते न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आलेले आहेत आणि त्यांच्या हत्येचा कट त्यांच्याच सख्ख्या भावापर्यंत जाऊन पोहोचतो. ही भूमिका केवळ भल्या आणि सोशीक माणसाची लिहिली असती तर ती लवकरच विसरली गेली असती. हसन शांततेची भाषा बोलतात, परंतु विश्वासघात लक्षात येताच मायदेशी संशयितांची धरपकड सुरू करतात. एका अमेरिकन पत्रकार स्त्रीशी असलेल्या संबंधांमुळे पत्नी दालियासमोर त्यांना मान खाली घालावी लागते, आणि मुलगी कायला हिच्यावरील मायेपोटी त्यांचा निर्णय डळमळतो. अनिल कपूर यांनी हे सारे आवाज न चढवता, बहुतेक वेळा नजरेने आणि थांबून बोलण्याच्या पद्धतीने दाखवले आहे. हिंदी चित्रपटांतून त्यांची जी उसळती, बोलकी प्रतिमा आपल्या मनात आहे, तिचा येथे मागमूस नाही, आणि म्हणूनच हे काम त्यांच्या चाहत्यांनी आवर्जून पाहावे असे मला वाटते.

हसन यांचा शेवट ज्या रीतीने घडवला आहे, ती या मालिकेच्या आठ पर्वांतील सर्वांत धाडसी रचना आहे. हसन यांना आमच्या ताब्यात द्या, नाहीतर शहरात किरणोत्सारी स्फोट घडवून आणू, अशी धमकी दहशतवादी देतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षा ॲलिसन टेलर ती मागणी फेटाळतात. तेव्हा अनोळखी शहरातील अनोळखी माणसांचे प्राण वाचावेत म्हणून हसन स्वतः होऊन शत्रूच्या हाती जातात. पुढे त्यांच्यावरचा तथाकथित खटला इंटरनेटवरून जगाला दाखवला जातो आणि दुसरीकडे मालिकेचा नायक जॅक बावर त्या इमारतीत पोहोचत असतो. आपल्याला वाटते की दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडत आहेत, कारण पडद्यावर जे दिसते ते याच घटकेला घडते आहे, हा विश्वास मालिकेने आपल्या मनात वर्षानुवर्षे रुजवलेला असतो. जॅक दार फोडून आत शिरतो तेव्हा कळते की ते चित्रण आधीच मुद्रित केलेले होते आणि हसन यांचा प्राण केव्हाच गेलेला आहे. मालिकेने आपलाच सर्वांत मोठा नियम येथे प्रेक्षकावर उलटवला आहे. घड्याळाशी शर्यत लावणारा नायक शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलेला असणे, यापेक्षा कठोर कल्पना या कथाप्रकारात मला तरी आठवत नाही.

यानंतर कथेचा भार चेरी जोन्स यांनी साकारलेल्या ॲलिसन टेलर यांच्यावर येतो आणि येथेच सातवे पर्व पाहिले नसल्याची उणीव भासू लागते. त्या पर्वाच्या अखेरीस टेलर यांच्यासमोर प्रश्न उभा राहतो तो पोटच्या मुलीचा, ऑलिव्हियाचा. आपल्या सख्ख्या भावाच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या माणसाची हत्या तिने घडवून आणलेली असते. पती विनवणी करत असूनही टेलर तिला कायद्याच्या स्वाधीन करतात आणि त्यापायी त्यांचा संसार मोडतो. चेरी जोन्स यांना या पर्वासाठी २००९ चा सहायक अभिनेत्रीचा एमी हा अमेरिकी दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला आणि तो सर्वथा योग्य होता. ज्या स्त्रीने कायद्यापुढे स्वतःची मुलगी वाचवली नाही, तीच आठव्या पर्वात शांतता करार वाचवण्यासाठी हसन यांच्या हत्येमागील रशियन सरकारचा हात दडवते, सत्य बाहेर आणू पाहणाऱ्या पत्रकाराला कोठडीत डांबते आणि हसन यांच्या जागी आलेल्या दालियालाही धमकावते. सातवे पर्व न पाहिलेल्या प्रेक्षकाला ही आणखी एक भ्रष्ट राजकारणी वाटेल. ते पाहिलेल्याला मात्र प्रत्येक पायरीवर कळत राहते की हे अधःपतन महत्त्वाकांक्षेतून आलेले नाही. एवढे गमावल्यानंतर हाती काहीतरी चांगले उरलेच पाहिजे, या हट्टातून ते आलेले आहे.

रेने वॉकर या व्यक्तिरेखेचेही असेच आहे. सातव्या पर्वात ती एफबीआयची नियमनिष्ठ अधिकारी आहे. जॅकच्या पद्धतींना ती प्रथम विरोध करते, मग नाइलाजाने त्या स्वीकारते, आणि शेवटच्या प्रसंगात ओळखपत्र टेबलावर ठेवून कटाच्या सूत्रधाराच्या खोलीत शिरते. आठव्या पर्वात ती परतते तेव्हा नोकरी गेलेली, आत्महत्येचा प्रयत्न करून सावरू न शकलेली अशी स्त्री आपल्यासमोर असते. ॲनी वर्शिंग यांनी हा बदल इतक्या संयमाने दाखवला आहे की २०२३ मध्ये पंचेचाळीसाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाल्याची बातमी वाचून मला खरोखर दुःख झाले. हसन यांच्या मृत्यूनंतर अवघ्या तासाभरातच रेनेचाही बळी जातो. त्यानंतर जॅक जो सूड घेत सुटतो, त्यातील काही प्रसंग, विशेषतः एका रशियन मारेकऱ्याचा छळ, पाहवत नाहीत. सातव्या पर्वाच्या आरंभी याच जॅकला छळाच्या आरोपांखाली सिनेटच्या समितीसमोर उभे केले होते, आणि शेवटी मरणाच्या दारात तो एका इमामापाशी मन मोकळे करतो. तो पश्चात्ताप आठवत असेल तरच पुढील क्रौर्य पराभव म्हणून जाणवते; एरवी ते नायकाचे शौर्य समजले जाण्याचा धोका आहे आणि ही मालिका त्या आरोपातून कधीच पूर्णपणे सुटलेली नाही.

दोषही सांगायला हवेत. दहशतवादविरोधी पथकातील डेना वॉल्श आणि तिचा जुना प्रियकर यांचे उपकथानक पहिल्या अर्ध्या पर्वात अतिशय रेंगाळते. तेथे संयम ठेवावा लागतो. कामिस्तानही इराणकडे बोट दाखवण्यासाठी रचलेला देश वाटतो, त्याचा स्वतःचा इतिहास किंवा समाज असा दिसतच नाही. उत्तरार्धात चार्ल्स लोगन हे माजी राष्ट्राध्यक्ष येतात, त्यांची पूर्वपीठिका पाचव्या पर्वात आहे. वेळ असेल तर तेही पाहावे, कारण २००६ साली सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार त्याच पर्वाला मिळाला होता. वेळ नसेल तर पाचव्या पर्वातील कटामागे हेच गृहस्थ होते, एवढे माहीत असले तरी चालेल.

शेवटची एक सूचना भारतीय आवृत्तीविषयी. या अनुभवानंतर अनिल कपूर यांनी मालिकेचे हक्क घेऊन २०१३ मध्ये कलर्स वाहिनीवर हिंदी ‘२४’ आणली. तिच्या पहिल्या पर्वाच्या दिग्दर्शनाची धुरा रमेश देव आणि सीमा देव यांचे चिरंजीव अभिनय देव यांच्याकडे होती. तिचे कथानक मूळ मालिकेच्या पहिल्या पर्वावर बेतलेले असल्यामुळे, पुढे कधी मूळ पहिले पर्व पाहण्याचा विचार असेल तर हिंदी आवृत्ती त्यानंतरच पाहावी. सातव्या आणि आठव्या पर्वाचा रसभंग मात्र तिच्यामुळे होत नाही.