सासूबाईंना विचारू नका, कामाला लावा

‘मावशी, आम्ही साताऱ्याचे, दोन वर्षं म्हापशात भाड्याने राहतो. गेल्या नाताळला मुलांच्या (वय ९ आणि ५) हट्टापायी प्लॅस्टिकचं झाड आणि ढीगभर खेळणी आणली. तासाभरात कागद फाडून झाले, गाडीवरून मारामारी झाली, संपला नाताळ! खालच्या आंटींचं घर मात्र आठ दिवस गजबजलेलं. यंदा सासूबाई येताहेत. “आपल्यात कुठं असतंय हे?” म्हणणारच त्या. मुलांना नाहीच म्हणू का?’

नाही कशाला? झाड तेवढं माळ्यावर राहू दे. आंटींचं घर गजबजतं ते हातांना काम असतं म्हणून. तुमच्या पोरांना कागद फाडण्यापलीकडे कामच नव्हतं.

आणि सासूबाईंना निम्मा नाताळ येतोच. इथे येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवं शेत दिसावं म्हणून नाचणी उगवून घेतात. घटाला धान्य पेरणाऱ्या बाईला हे कोण शिकवणार? १४-१५ डिसेंबरला भिजवलेली नाचणी ताटलीतल्या ओल्या मातीवर पसरा, रोज पाणी शिंपडा. धाकटा हमखास बुडवणार, म्हणून दोन ताटल्या पेरा. गोठा मात्र तुम्ही मांडू नये असं माझं मत. तो त्यांच्या श्रद्धेचा, आपल्या खेळाचा नव्हे. आंटींना आधी विचारा आणि २४ तारखेच्या आत मुलांनाच ते शेत खाली पोचवू दे.

मग कुलकुलं, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ. पीठ शंकरपाळ्यांसारखंच, फक्त नारळाच्या रसात मळलेलं. अंडं घालतात, नाही घातलं तरी चालतं. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत गुंडाळली की रेघारेघांचा शंख होतो. कड नीट चिकटवा. माझी पहिल्या वर्षीची कढईतच उलगडली आणि उरली ती इतकी कडक, की शेजारच्या कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं. कोणाच्या शंखाला रेघा जास्त, अशी पैज लावून द्या. कढईपाशी फक्त सासूबाई.

रात्री हौजी, म्हणजे तांबोला. गोव्यात नाताळाच्या दिवसांत हौजीवाचून पान हलत नाही. तिकिटं घरीच आखा: ३ ओळी, ९ रकाने, प्रत्येक ओळीत ५ आकडे. खुणेला चिंचोके. पिशवीत १ ते ९० चिठ्ठ्या, हात घालायचा धाकट्याने, पुकारायचं सासूबाईंनी, तेही मराठीत. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ला इंग्रजी शाळेतल्या पोरांची जी तारांबळ उडते, तिच्यापुढे विकतची खेळणी फिकी. पहिली ओळ भरेल त्याला उद्या अंथरूण घडी करायची सुट्टी.

आणि ६ जानेवारीला मांडवीकाठच्या रेइश मागूश गावाला जाऊन या. बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांचं फेस्त, म्हणजे सण असतो, मुलगेच राजे होऊन येतात. थोरल्याला आवडेल.

राहता राहिली आंटींकडून येणारी कुन्सवादाची, म्हणजे नाताळच्या फराळाची थाळी. तिच्यातल्या नेवऱ्या बघून सासूबाई ‘करंज्याच की या!’ म्हणतीलच. थाळी रिकामी परत करायची नसते, पण तिच्यात कुलकुलं घालू नका, त्यांचे डबे भरलेले असतात. आजच सासूबाईंना फोन करा, येताना कंदी पेढे आणायला सांगा. दोन किलो सांगा. एक किलो खाली पोचायच्या आधीच संपेल.