मुंबईतून सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन विकताना आयजीएसटी कधी लावायचा?

तुमची कंपनी मुंबईत आणि व्यावसायिक ग्राहक देशभर, मग सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर लागणारे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर) लावायचा की आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा एकच कर), असं तुम्ही विचारलंय. एकूण कर १८ टक्केच असल्यामुळे काय फरक पडतो, असं वाटू शकतं. फरक पडतो, आणि भुर्दंड दोघांनाही बसतो.

मी अंधेरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब बघते. बंगळुरूच्या एका ग्राहकाला मी सहा महिने ९ अधिक ९ टक्के सीजीएसटी-एसजीएसटी लावत राहिले, कारण पैसे त्यांच्या लोअर परळच्या ऑफिसातून यायचे. त्यांनी जीएसटी नंबर मात्र कर्नाटकचा दिला होता. आमची बिलं त्यांच्या जीएसटीआर-२बीमध्ये (खरेदीवरच्या कराचं पोर्टलवरचं विवरण) दिसत होती, पण क्रेडिट, म्हणजे त्या कराची स्वतःच्या करातून वजावट, मिळत नव्हतं. शेवटी आम्ही ती बिलं बदलून आयजीएसटीची नवी बिलं दिली. असा चुकून भरलेला कर परत मागता येतो आणि योग्य करावर व्याजही लागत नाही. त्यासाठी योग्य कर भरल्यापासून २ वर्षांची मुदत असते. पण परतावा हाती येईपर्यंत पैसे आपलेच अडकतात, आणि छोट्या कंपनीला ते फार जड जातं.

म्हणून पैसे कुठून येतात हे बघू नका, ग्राहकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र, तिथे सीजीएसटी आणि एसजीएसटी. २९ कर्नाटक, २४ गुजरात, ०७ दिल्ली, तिथे आयजीएसटी. मोठ्या ग्राहकांचे चार-पाच राज्यांत नंबर असतात. सबस्क्रिप्शन कोणत्या नोंदणीसाठी घेताय, हे पहिलं बिल काढण्याआधी त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या आणि तो नंबर चालू आहे का, हे जीएसटी पोर्टलवर तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी ते आता कधीच टाळत नाही.

मुंबईकरांनी एका अपवादाकडे खास लक्ष द्यावं: सीप्झ. तिथल्या युनिटचा नंबरही २७नेच सुरू होतो, पण ते विशेष आर्थिक क्षेत्र आहे. त्यामुळे आपल्या शेजारी असूनही तो पुरवठा आंतरराज्य धरला जातो. त्यांच्या मंजूर कामकाजासाठी सबस्क्रिप्शन असेल तर एलयूटीवर (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) कर न लावता बिल देता येतं, किंवा आयजीएसटी लावून नंतर परतावा मागायचा. एलयूटी दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरावं लागतं, तेव्हा मार्चअखेरीच्या धावपळीत ते राहून जाऊ देऊ नका.