व्होल्टेज पेटीत आहे, पण मोटरपर्यंत पोचतंय का?

प्रश्न : सर, आमच्या बोअरला 5 एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे. डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीपासून बोअर 800 फूट लांब आणि मोटर 200 फूट खाली सोडलीय, केबल सगळी 2.5 एमएमची कॉपर. दोन वर्षांत मोटर दोनदा जळाली. पेटीत स्टार्टरवर 380 व्होल्ट दाखवतं, मग मोटर जळते कशी? दुकानदार म्हणतो 2.5 ची केबल 20 अँपियर आरामात घेते, तुमची मोटर 8 च ओढते, वायरचा काही संबंध नाही.
– एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : दादा, दुकानदार खोटं नाही बोलत, पण तो सांगतोय ते वायर गरम होऊन वितळेल का त्याबद्दल. तुमचा प्रश्न अंतराचा आहे. ड्रिपचं लॅटरल लांब टाकलं की शेवटच्या झाडाला थेंब कमी पडतो ना, पाइप फुटलेला नसतो तरी, तसंच हे.

आधी एक विचारतो, ते 380 मोटर चालू असताना बघितलं का बंद असताना? बंद असताना वायरमधून करंटच जात नाही, त्यामुळे ड्रॉपही (वायरमध्येच जिरणारं व्होल्टेज) शून्य, त्या आकड्यावरून वायरबद्दल काहीच कळत नाही. आणि चालू असताना बघितलं असलं तरी तो मीटर पेटीत बसलाय, म्हणजे 1000 फूट केबलच्या अलीकडचं दाखवतोय.

आता हिशेब करू. कॉपरच्या थ्री फेज केबलला अंदाजे ड्रॉप म्हणजे मीटरमधलं अंतर गुणिले अँपियर गुणिले 0.03, भागिले केबलचा स्क्वेअर एमएम. ॲल्युमिनियम असेल तर 0.03 च्या जागी 0.05 घ्यायचं. बरेच जण बोअरची खोली धरायची विसरतात, तुम्ही लिहिलीत ते बरं केलं. 800 अधिक 200 फूट म्हणजे साधारण 300 मीटर. 300 गुणिले 8 गुणिले 0.03 भागिले 2.5, आले जवळपास 29 व्होल्ट. पेटीत 380 असेल तर मोटरला मिळतात 351. रात्रीची लाइट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी ऑटोवर (लाइट आली की आपोआप मोटर सुरू करणारा स्विच) एकदमच उठतात, तेव्हा पेटीतच 360 झालं तर मोटरला 330 वर चालावं लागतं. मोटर 415 ची आहे. पाणी तर तेवढंच उचलायचंय म्हणून ती जास्त अँपियर ओढते, करंट वाढला की ड्रॉप आणखी वाढतो आणि वाइंडिंग तापत जातं. सुरू होताना तर करंट पाच-सहा पट असतो आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे व्होल्टेज 80 टक्के राहिलं तर जोर 64 टक्केच, म्हणून मोटर उचलायला वेळ लावते आणि तेवढा वेळ वाइंडिंग भाजत राहतं. दोनदा रिवाइंडिंग केलं, पण जे कारण होतं ते जमिनीवरच पडून राहिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे गावोगाव होतंय.

चांगली बातमी अशी की मोटर वर काढायची गरज नाही. ड्रॉप 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 20 व्होल्टच्या आसपास ठेवायचा. खालची 200 फूट 2.5 चीच राहू द्या, तिथे फक्त 6 व्होल्ट जातात. वरची 800 फूट बदला, कॉपर 6 एमएम किंवा ॲल्युमिनियम 10 एमएम, दोन्हीत ड्रॉप साडेनऊ-दहा व्होल्टच येतो. सगळा मिळून 15-16. ॲल्युमिनियम बऱ्याचदा स्वस्त पडतं म्हणून मी तेच सुचवेन, पण कॉपरला जोडताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, बायमेटल लग (कॉपर आणि ॲल्युमिनियम जोडायचं खास टोक) लावा, नाहीतर तो जोडच तापेल. कपॅसिटर लावणार असाल तर पेटीत नको, बोअरजवळ लावा, मग लांबच्या केबलमधला करंट कमी होतो.

पण पैसे घालवायच्या आधी एक करा. वायरमनला बोलवा, मोटर चालू ठेवून पेटीत आणि बोअरच्या तोंडाशी, दोन्हीकडे व्होल्टेज मोजायला लावा, टाँग टेस्टरने (वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) तिन्ही फेजचे अँपियर पण बघा. फरक 20 च्या वर असेल तर दोष केबलचा किंवा एखाद्या सैल जोडाचा. पेटीतच 350 च्या खाली असेल तर कितीही जाड केबल टाका, डीपीवरचा लोड कमी झाल्याशिवाय सुटणार नाही, मग अर्ज करायला लागेल आणि तोपर्यंत त्या वेळेला मोटर बंदच ठेवा. आणि ऑटोला डिले टायमर टाका, सगळ्यांबरोबर एकदम उठू नये.

प्रश्न : घरातल्या 12 व्होल्ट बॅटरीवरून 80 फुटांवरच्या गोठ्यात 60 वॅटचे एलईडी लावलेत, वायर 1 एमएमची. घरात लावले तर लख्ख, गोठ्यात मिणमिणते. एलईडी खराब आहेत का?

उत्तर : एलईडी चांगले आहेत. 60 वॅट 12 व्होल्टला म्हणजे 5 अँपियर, आणि वायर जाऊन-येऊन 50 मीटर झाली. पूर्ण 5 अँपियर ओढले तर साडेचार व्होल्ट वायरमध्येच जिरतात, 12 मधले. 230 वर तेवढ्याच वॅटला पाव व्होल्ट सुद्धा गेला नसता. 6 एमएम वायर टाकली तर पाऊण व्होल्टच जाईल, पण त्यापेक्षा बॅटरीच गोठ्यात नेऊन ठेवा, जनावरांच्या तोंडापासून लांब आणि उंच फळीवर.