नेपाळला निघण्याआधी स्टेपनी काढून बघ

सुनौलीच्या सीमेवरून नेपाळात गाडी न्यायची म्हणतोस, तर भन्सारच्या (नेपाळी कस्टम्सच्या) कागदांइतकंच लक्ष टायरकडे दे. पोखऱ्यापर्यंत पंक्चरवाले भेटतील. पुढे मुक्तिनाथच्या वाटेवर आपलं आपणच बघायचं.

इथे नाशकातच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकदा स्वतःच्या हाताने चाक बदल. माझ्या मते निम्मी तयारी तिथेच होते. दुकानात नट एअर गनने आवळतात. गाडीतल्या आखूड पान्याने ते जागचे हलत नाहीत. पान्यावर चढेल असा हातभर लोखंडी पाइप सोबत घे. हँडब्रेक ओढ, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लाव, नट अर्धा फेरा सैल कर आणि मगच जॅक लाव. उचललेल्या गाडीवर जोर काढलास तर ती जॅकवरून सरकते. माती भुसभुशीत असेल तर जॅकखाली फळी हवीच.

स्टेपनीची हवा आजच तपास, तिच्याकडे कोणी बघतच नाही. बारीक स्टेपनी असेल तर ताशी ८० च्या वर जाऊ नकोस. पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा पंप घेच, पण टायर बाजूने फाटला तर किट कामाचं नाही. तिथे स्टेपनीच लागते.