घरकुलाच्या अर्जात आजार लिहावा लागतो का?

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ताईंना विचारूनच लिहिते आहे. मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे.

उत्तर नागपुरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, चार घरी पोळ्या करणाऱ्या या ताई. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पोरगी नववीत. एआरटीच्या गोळ्या मोजायला घेतल्या, तर एकही उरायला नको होती तिथे नऊ निघाल्या. त्याही बडीशेपेच्या प्लास्टिकच्या डबीतून. तळाशी बडीशेपेचे दाणे अजून होते.

"मूळ बाटली कुठंय ताई?"

"फेकली जी. घरमालकिणीनं तिच्यावरचं औषधाचं नाव वाचलं, दुकानवाल्याले विचारून आली. आता खोली खाली करा म्हणून राहिली. नऊ दिवस भावाकडे होती मी. तिथं सगळ्यायसमोर गोळी कशी खाऊ?"

नऊ दिवस, नऊ गोळ्या. हिशेब लागला. घर हललं की सगळ्यात आधी गोळी हलते, हे मी या टेबलावर फार वेळा पाहिलं आहे. त्यांना आधी एवढंच सांगितलं, की गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, आतली ओलावा शोषणारी पुडीही काढू नका. लेबलवर कागद चिकटवला तरी चालेल.

मग त्यांनी मोबाइल पुढे केला. "यात सांगते, सरकार एचआयव्हीवाल्यायले घरासाठी पैसे देते. पण अर्ज केला का वस्तीत बोभाटा व्हईल ना?"

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, म्हणून उत्तर इथे लिहिते. त्या व्हिडिओतली योजना अमेरिकेची होती. तिथे १९९०च्या कायद्याने एड्ससह जगणाऱ्यांच्या घरांसाठी वेगळा निधी ठेवला आहे. तिथल्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं तो राज्यांना, शहरांना आणि संस्थांना देतं. आपल्याकडे पंतप्रधान आवास आणि रमाई आवास या योजना एचआयव्हीच्या नावाने नाहीत. उत्पन्न किती, पक्कं घर आहे का, आणि रमाईसाठी अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असल्याचा दाखला, हे तिथे पाहतात. शहरातल्या अर्जात आजाराचा रकाना नाही. तेव्हा बोभाट्याची भीती इथे तरी नको. शहरात स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळतं.

पण जागा स्वतःची हवी, आणि गाडी तिथेच अडली. नवऱ्याच्या नावाचा जागेचा पट्टा होता, कुडाचं घर होतं, त्यात दीर राहत होता. नवरा गेल्यावर ताईंना "तुह्यापायी घर बाटलं" म्हणत बाहेर काढलेलं. २०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आजारामुळे कुणाला भाड्याने घर नाकारता येत नाही की घरातून काढता येत नाही, आणि ज्या घरात आपण कुटुंबासोबत राहिलो तिथे राहण्याचा हक्क राहतो, असं तो सांगतो. शिवाय नवऱ्याच्या मालमत्तेत बायको वारस असतेच. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

घरमालकिणीशी मात्र ताईंना भांडायचं नव्हतं. "हक्क आहे, पण एकाच नळावर भांडी घासायची हायेत जी," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. मीही तिच्याकडे गेले नाही. मी गेले असते तर तिला उरलीसुरली खात्रीही झाली असती.

नव्या खोलीच्या भाड्याची सोय आधी लागायला हवी होती. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळतात, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. एचआयव्हीबाधितांना ती लागू आहे, म्हणून मी त्याच कारणाखाली अर्ज भरायला घेतला. ताईंनी कागदावर हात ठेवला. काही बोलल्या नाहीत, नुसता हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की याच योजनेत निराधार विधवेलाही तेवढेच पैसे मिळतात. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो, आजाराचा नाही. मी आधी त्यांना विचारायला हवं होतं.

तहसीलच्या चार फेऱ्या झाल्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोनदा परत यावं लागलं. पाचव्या महिन्यात खात्यात पैसे जमा झाले. आता त्या दुसऱ्या वस्तीत राहतात, भाडं थोडं जास्त आहे, पण खोलीला आतून कडी आहे आणि भिंतीत कोनाडा. गोळ्या त्यात असतात. मागच्या वेळी एकही उरली नव्हती. पट्ट्याची वारसनोंद अजून झालेली नाही. दिराने हरकत घेतली आहे, वकीलबाई तारखा लढवत आहेत, आणि रमाईचा अर्ज त्या नोंदीसाठी थांबला आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल, तर १०९७ वर फोन करा, तो फुकट आहे. किंवा तुमच्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडे या. येताना रेशनकार्ड आणा, घराचा असेल तो कागद आणा, आणि गोळ्यांची बाटली जशी आहे तशी आणा.