मायक्रोआरएनए : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मायक्रोआरएनएपासून प्रथिन बनत नाही म्हणतात. मग त्यात बिघाड झाला की माणूस आजारी का पडतो?

उत्तर : कारण मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतला आरएनएचा चिमुकला तुकडा, आणि कोणतं प्रथिन किती बनायचं, यावर त्याचा ताबा असतो. जनुकावरून आधी लांबलचक आरएनए, म्हणजे जनुकाची प्रत, उतरतो. केंद्रकात ड्रोशा नावाचं एन्झाइम त्यातून सुमारे ७० अक्षरांचा, केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला तुकडा कापून काढतं. तो केंद्रकाबाहेर आला की डायसर नावाचं दुसरं एन्झाइम त्याची दुमड छाटतं. उरलेल्या दोन धाग्यांपैकी एक, साधारण २२ अक्षरांचा, आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो आणि संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएवर, आपली जागा शोधतो.

लेट-७ या मायक्रोआरएनएचं उदाहरण घ्या. त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जी-ए-जी-जी-यू-ए-जी अशी आहेत. ज्या संदेशाच्या शेपटाकडे सी-यू-ए-सी-सी-यू-सी ही सात अक्षरं असतील, तिथे लेट-७ चिकटू शकतो. मग त्या संदेशावरून प्रथिन कमी बनतं किंवा संदेशच लवकर नष्ट होतो. जुळणी एवढी आखूड असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना आवर घालू शकतो. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली जेमतेम एक मिलिमीटरच्या सी. एलिगन्स या कृमीत सापडला. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

आता बिघाडाकडे येऊ. मिर-९६ (नावातलं ‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए) याच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांच्या कळीच्या भागातलं एक अक्षर बदललं, तरी काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपण येतं. दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो, आणि त्यासोबत मिर-१५ए व मिर-१६ जातात. हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवरून धरतात. तो आवर सुटला की मरायला हव्या त्या पेशी जगत राहतात.

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) मिर-४५१ चा सीटी (पीसीआर चाचणीत तो दिसू लागेपर्यंत लागणारी चक्रं) निरोगी गटापेक्षा चार चक्रांनी कमी येतो. हा आजाराचाच परिणाम मानू का?

उत्तर : इतक्यात मानू नका. पीसीआर म्हणजे प्रती वाढवत मोजणारी चाचणी; तिच्यात एक चक्र कमी म्हणजे साधारण दुप्पट माल, म्हणजे चार चक्रांचा फरक सोळा पटींचा झाला. आणि मिर-४५१ तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. सुई फार बारीक असली, पिस्टन जोरात ओढला किंवा नळी हलवली की पेशी फुटतात आणि तुम्ही आजाराऐवजी फुटलेल्या पेशी मोजता. मिर-१६ चंही तेच. दुर्दैवाने अनेक जण त्यालाच तुलनेसाठी स्थिर मानतात, आणि मग सगळी आकडेमोडच वाकडी होते.

डोळ्यांना गुलाबी झाक दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून प्लाझ्माचं ४१४ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा, ०.२ च्या वर गेलं तर नमुना संशयास्पद. शिवाय मिर-२३ए च्या सीटीतून मिर-४५१ चा सीटी वजा करा. फरक ५ च्या आत असेल तर ठीक, ७ च्या वर असेल तर नमुना बाद करा, मधला असेल तर त्यावर खूण करून ठेवा.

पुढच्या वेळी रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत घ्या. हेपरिन हे दुसरं गोठणरोधक नको, ते पीसीआरच अडवतं. नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये पहिली फेरी फिरवा : १,५०० ते २,००० जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट), १० मिनिटं. प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या पेशींच्या थरावर अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. थोडा प्लाझ्मा वाया जाईल, जाऊ द्या. नंतर २,५०० जीला १५ मिनिटं फिरवून वरचा भाग उचला आणि तीच फेरी पुन्हा करा, नाहीतर बिंबिका (प्लेटलेट) राहतात आणि गोठवताना फुटून आपले मायक्रोआरएनए सोडतात. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आणि प्लाझ्मा एकाच अभ्यासात मिसळू नका. रक्त गोठतानाही बिंबिका माल सोडतात.

मोजणी तपासण्यासाठी बाहेरून घालायचा कृमीचा मिर-३९ थेट प्लाझ्मात टाकणं ही नेहमीची चूक. तिथली आरएनेझं, म्हणजे आरएनए तोडणारी एन्झाइमं, त्याचा लगेच फडशा पाडतात. आधी ही एन्झाइमं निकामी करणारं लायसिस द्रावण नीट मिसळा, मगच तो घाला. प्लाझ्मातला आरएनए इतका थोडा असतो की नॅनोड्रॉप या मोजणी यंत्राच्या आकड्यावर विसंबता येत नाही. प्रत्येक वेळी सारख्याच आकारमानाचा, समजा २०० मायक्रोलिटर, प्लाझ्मा घ्या. यू-६ हा पेशीतला दुसरा छोटा आरएनए इथे तुलनेला चालत नाही.

प्रश्न : मायक्रोआरएनएच्या एका रक्तचाचणीत सगळे कॅन्सर कळतात, असं कुणी सांगितलं तर ती करावी का?

उत्तर : नाही. मिर-२१ अनेक कॅन्सरमध्ये वाढतो, पण साध्या दाहातही वाढतो; वाढलेला आकडा पाहून रोगाचं नाव सांगता येत नाही. वृषणाच्या जननपेशींच्या गाठींसाठी मिर-३७१ खरोखर कामाचा आहे, पण टेराटोमा हा प्रकार त्यालाही सापडत नाही. चाचणी सुचवणाऱ्याला विचारा : कोणता मायक्रोआरएनए, कोणत्या एका आजारासाठी, आणि फुटलेल्या पेशींचे नमुने कसे वगळता? तिन्हींची नेमकी उत्तरं मिळाली नाहीत तर रक्त देऊ नका, आणि अंगावर गाठ किंवा दुसरं काही लक्षण असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.