खुडूक कोंबडीखालची अंडी का नासतात आणि निघालेली पिलं का मरतात?

तुम्ही लिहिलंय की मागच्या उन्हाळ्यात गावरान कोंबडीखाली १५ अंडी ठेवली होती. अंडी २० दिवस पत्र्याच्या खोलीत टोपलीत जमवलेली होती. पिलं निघाली ४, आणि तीही तिसऱ्या आठवड्यात हिरवी हगवण लागून, माना वाकड्या होऊन गेली. आता तीच कोंबडी पुन्हा खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहतेय, आणि होळी तोंडावर आलीय.

कोंबडी बदलू नका. गावरान कोंबडी तिचे २१ दिवस चोख बसते. नुकसान झालं ते ती बसण्याआधी आणि ती उठल्यानंतर.

आधी अंड्यांचं. कोंबड्याचं बीज लागलेल्या अंड्यात जीव असतोच, फक्त थंडाव्यात तो थांबून राहतो. हवा २४-२५ अंशांच्या वर गेली की तो वाढायला लागतो, पण पुरती ऊब मिळत नाही म्हणून अर्धवट वाढून मरतो. आपल्याकडे पत्र्याखाली मार्च-एप्रिलला दुपारी ४० अंश सहज होतात. म्हणजे तुमची बरीचशी अंडी कोंबडी बसायच्या आधीच मेलेली असणार. थंडीत ७ दिवसांपर्यंतची अंडी चालतात, आता मात्र ३-४ दिवसांपेक्षा जुनं अंडं ठेवू नका. माळवदाच्या घरात रांजणाजवळ, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून अंडी ठेवा. धुवू नका, धुतलं की वरचा संरक्षक थर जातो. घाण लागली असेल तर ते अंडं खायला घ्या. तेवढ्या दिवसांत पुरेशी अंडी जमत नसतील तर शेजाऱ्यांकडून ताजी आणा, पण त्यांच्याकडे कोंबडा हवा. ८-१० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुकानातली पांढरी अंडी वांझच असतात, त्यांतून काही निघत नाही.

१५ अंडी गावरान कोंबडीच्या पोटाखाली मावत नाहीत. कडेची थंड पडतात, कोंबडी अंडी फिरवताना थंड झालेली आत घेते आणि आतली बाहेर येतात, असं करत सगळ्यांचंच नुकसान होतं. १० ठेवा, मोठ्या चणीची असेल तर १२. गिरिराज-वनराज या सुधारित जातींची अंडी मोठी, ती ८-९ बास.

जागा अंधारी, वाऱ्याची आणि मांजर-मुंगसापासून सुरक्षित हवी. लोखंडी घमेलं उन्हाळ्यात नको, बांबूची पाटी घ्या, पावणेदोन वीत रुंद. तळाला चार बोटं माती, मधे बशीसारखा खोलगटपणा, वर मऊ वाळलेलं गवत. अंडी ठेवण्याआधी पाटी कडक उन्हात तापवा आणि मातीत चाळलेली राख व कडुलिंबाचा वाळलेला पाला मिसळा. भेगांमधले गोचीड रात्री कोंबडीचं रक्त पितात आणि मग ती अंडी सोडून उठते. कोंबडी बसल्यावर कीटकनाशक मात्र अजिबात फवारू नका.

तिला रात्री बसवा. पहिले एक-दोन दिवस खाली दोन गुळगुळीत गोटे ठेवून ती टिकते का बघा, मग सगळी अंडी एकाच रात्री ठेवा. रोज एकेक वाढवत गेलात तर पहिली पिलं निघताच ती उठेल आणि उरलेली गार होतील. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालून जातात. दाणा-पाणी चार-पाच फुटांवर ठेवा, म्हणजे ती दिवसातून एकदा १५-२० मिनिटं उठेल. अजिबात उठत नसेल तर अलगद उचलून बाहेर ठेवा. उन्हाळ्यात एक दिवसाआड गवताखालच्या मातीवर कडेनं थोडं पाणी सोडा.

सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर अंडी तपासा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडायचं, त्यावर अंडं धरायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर चांगलं. नुसतं पिवळसर साफ दिसलं तर वांझ. लाल कडं दिसलं तर मधेच मेलेलं. चौदाव्या दिवशी पुन्हा बघा आणि खराब काढून टाका, ती फुटली तर वासानं नि घाणीनं बाकीचीही जातात. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. टवका पडल्यापासून पिलू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. कवच सोलून मदत केली तर रक्त येतं, आणि बेंबीही मिटलेली नसते.

२३ व्या दिवशी जी फुटली नाहीत ती लांब नेऊन फोडून बघाच. हे काम कुणी करत नाही, पण पुढच्या खेपेचं सगळं त्यातूनच कळतं. आत काहीच नाही म्हणजे बहुतेक कोंबड्याची अडचण, रक्ताचं कडं म्हणजे साठवण चुकली, पुरतं वाढलेलं पिलू आत मेलेलं असेल तर हवा कोरडी पडली किंवा शेवटच्या दिवसांत छेडछाड झाली.

आता पिलं. पहिला एक दिवस त्यांना पोटातल्या बलकावर काढता येतो, कोंबडीखालून ओढू नका. नंतर उथळ ताटलीत गोटे टाकून पाणी द्या, नाहीतर बुडतात. नुसत्या कणीवर पिलं वाढत नाहीत. बाजारातलं चिक स्टार्टर (पिलांचं तयार खाद्य) उत्तम, पहिल्या आठवड्यात १० पिलांना रोज १०० ग्रॅमच्या आसपास पुरतं. घरी करायचं तर किलोभरात मका किंवा ज्वारीचा भरडा साधारण ५५० ग्रॅम, सोयाबीन पेंड ३५०, उरलेल्यात गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका. ते पचत नाही, भाजूनच द्यावं लागतं. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंडही नको. वाळवी हे पिलांचं उत्तम खाद्य. जुनं मडकं ओल्या शेणानं आणि गोणपाटानं भरून संध्याकाळी वारुळाशेजारी पालथं घाला, सकाळी वाळवी मिळते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिलांना देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

पहिले दहा दिवस आई आणि पिलं डालग्याखाली सावलीत ठेवा, म्हणजे घार-कावळा आणि दुपारचं ऊन दोन्ही टळतात. आई लांब फिरली की अशक्त पिलं मागं पडतात.

तुम्ही सांगितलेली लक्षणं मानमोडीची (राणीखेत रोगाची) वाटतात. तिला औषध नाही, लसच आहे. लासोटा ही लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुन्हा २८ व्या दिवशी. सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्यात आर-टू-बी, ही मानमोडीचीच पुढची लस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. कुपी निदान १०० पिलांची असते, म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवा आणि पिलांना एकाच संध्याकाळी लस द्या. लस बर्फात आणा, मिसळल्यापासून दोन तासांत संपवा, आणि उरली तर फ्रिजमध्ये ठेवू नका, उकळून पुरून टाका.